थंडीत घर उबदार ठेवताना: बंद खोलीत शेगडी का नको?

डिसेंबर-जानेवारीत निफाड, नाशिक, महाबळेश्वर आणि विदर्भातल्या अनेक भागांत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं. आपली घरं मुख्यतः उन्हाळा आणि पाऊस लक्षात घेऊन बांधलेली असतात, त्यामुळे पत्र्याच्या किंवा कौलारू घरात पहाटेचा गारठा सहन होत नाही. मग दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं जातं. ही सवय जिवावर बेतू शकते.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असं नाही

कोळसा किंवा लाकूड अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. धूर थांबून लालबुंद झालेले निखारे सुरक्षित वाटतात, पण हा वायू त्यांच्यातूनही बाहेर पडत असतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर ऑक्सिजन पोहोचवतं. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे मेंदू आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. झोपलेल्या माणसाला जाग न येताच तो बेशुद्ध होऊ शकतो. गर्भवती स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि हृदयरोगी यांना धोका जास्त असतो.

शेगडीजवळ पाण्याचं भांडं ठेवल्याने हा वायू शोषला जात नाही. खिडकीची फट ठेवली तरी रात्रभर शेगडी पेटती ठेवून झोपणं सुरक्षित नाही. खोली गरम करण्यासाठी स्वयंपाकाचा गॅसही पेटवून ठेवू नका. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये बसवू नका, तिथेही हाच वायू साचतो.

लक्षणं कशी ओळखाल?

• डोकं दुखणं, गरगरणं
• मळमळ किंवा उलटी
• हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटणं
• छातीत दुखणं किंवा धाप लागणं
• गोंधळल्यासारखं वागणं, गुंगी, बेशुद्धी

घरातल्या दोन-तीन जणांना एकाच वेळी त्रास होतोय, ताप नाही, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय? मग याला सर्दी-पडसं किंवा पित्त समजू नका.

अशा वेळी काय करावं?

१. दारं-खिडक्या उघडा आणि सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत न्या. स्वतः त्या खोलीत थांबू नका.
२. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.
३. बेशुद्ध व्यक्तीचा श्वास चालू असेल तर तिला कुशीवर झोपवा. तोंडात पाणी घालू नका. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर सीपीआर सुरू करा.
४. खोलीत शेगडी होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसला तरी रुग्ण गंभीर असू शकतो. रुग्णालयात मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला की हा वायू रक्तातून बराच लवकर बाहेर पडतो.

मग घर उबदार कसं ठेवावं?

• दुपारी खिडक्या उघडून ऊन आत येऊ द्या, सूर्यास्तापूर्वी त्या लावून घ्या. जाड पडदे लावा. दाराखालच्या फटीत जुनं कापड गुंडाळून ठेवा.
• जमिनीवर झोपत असाल तर खाली चटई, सतरंजी आणि त्यावर गोधडी घाला. शरीरातली बरीच ऊब गार फरशी शोषून घेते.
• एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. कानटोपी आणि मोजे विसरू नका.
• शक्य असेल तर सगळे एकाच खोलीत झोपा.
• विजेचा हीटर अंथरूण आणि पडद्यांपासून किमान तीन फूट लांब ठेवा. तो थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा, त्यावर कपडे वाळवू नका आणि झोपण्यापूर्वी बंद करा.
• गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळूनच वापरा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर ती पायांना लावू नका, भाजलेलं कळत नाही.
• तान्ह्या बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी धरणं ही उत्तम ऊब आहे. मात्र तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका.
• दारूने ऊब वाटते, पण प्रत्यक्षात त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून शरीर अधिक गार पडतं.

डॉक्टरांकडे लगेच कधी न्यावं?

आजी-आजोबांचं बोलणं जड झालं, ते सुस्त किंवा गोंधळलेले वाटले, गारठलेले असूनही त्यांची थरथर थांबली, किंवा बाळाचं पोट हाताला गार लागलं आणि ते दूध ओढेना, तर वाट पाहू नका. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली जाणं ही तातडीची स्थिती आहे.

शेकोटी हवीच असेल तर ती अंगणात करा. घरात झोपायला जाताना निखारे बाहेरच राहू द्या.