माख अंकाची जन्मकथा

विमानाच्या वेगाला ध्वनीच्या वेगाने भागले असता जो अंक येतो, त्याची कथा आम्ही आज मांडणार आहोत. तिचा आरंभ विमानात नाही, रणांगणावर आहे.

१८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच गोळ्यांच्या जखमा विवरासारख्या रुंद दिसल्या. फ्रेंच सैन्य स्फोटक गोळ्या वापरते की काय, असा संशय आला. बेल्जियमच्या मेल्सेन्स यांनी निराळा तर्क केला: वेगवान गोळी आपल्यापुढे दाबलेली हवा लोटीत नेते, जखम ती हवा करते. परंतु हवा डोळ्यांना दिसत नाही. मग शहानिशा व्हावी कशी?

प्रागचे प्राध्यापक एर्न्स्ट माख यांनी हे काम अंगावर घेतले. त्यांच्या सूचनेवरून पेटर साल्खर यांनी १८८६ मध्ये फ्यूमे येथे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका शहरात, विजेच्या ठिणगीच्या प्रकाशात उडत्या गोळीची छायाचित्रे घेतली. गोळीभोवती दाबलेल्या हवेचा शंकू उमटला होता, धावत्या नावेमागे लाटांची पाचर पसरावी तसा. गोळी ध्वनीहून मंद असली, तर मात्र शंकू नाही! जखमांचे कारण पुढे निराळेच ठरले: गोळीने मांसात सोडलेली ऊर्जा. पण मोजमाप हाती आले. गोळीपासून दूर, शंकूच्या अर्ध्या कोनाची ज्या म्हणजे ध्वनीचा वेग भागिले गोळीचा वेग. तो कोन ३० अंश असेल, तर गोळी ध्वनीच्या दुप्पट वेगाने चालली आहे.

माख १९१६ मध्ये निवर्तले. १९२९ मध्ये झुरिचच्या याकोब आकेरेट यांनी ह्या गुणोत्तराला त्यांचे नाव दिले.

नुसता वेग का पुरत नाही? कारण ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो. २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ३४३ मीटर, तर उणे ५७ अंशांना सुमारे २९५ मीटर असतो. हे गुणोत्तर एकाजवळ आले की विमानाभोवतालच्या हवेचे वागणेच पालटते. २७ सप्टेंबर १९४६ रोजी अशाच वेगाच्या चाचणीत विमान मोडून धाकटे जेफ्री डी हॅविलंड प्राणास मुकले. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक यीगर यांनी सुमारे १३ किलोमीटर उंचीवर सेकंदाला सुमारे ३१३ मीटर वेग गाठला. ३१३ भागिले २९५ म्हणजे १.०६; ध्वनी मागे पडला. तोच वेग जमिनीलगतच्या उबदार हवेत असता, तर अंक ०.९१ आला असता.

वेग तोच, पण हवा बदलली की त्याचा अर्थ बदलतो. वैमानिकाचा जीव ह्याच भागाकारावर अवलंबून असतो.