छापा, काटा आणि फेकणारा हात

२ एप्रिल २०११. वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत. महेंद्रसिंग धोनीने नाणं उडवलं, कुमार संगकाराने कौल मागितला आणि प्रेक्षकांच्या गदारोळात सामनाधिकारी जेफ क्रो यांना तो ऐकूच आला नाही. धोनीला वाटलं आपण जिंकलो, संगकाराला वाटलं आपण. अखेर नाणं पुन्हा उडवलं गेलं. श्रीलंकेने या खेपेला फलंदाजी घेतली, सामना मात्र भारताने सहा गडी राखून जिंकला. त्या गोंधळात कौल कोणी काय मागितला यावर चर्चा झाली; नाण्यावर शंका कुणीच घेतली नाही.

नाण्यावरचा हा भरवसा फार जुना आहे. रोमन पोरं नाणी उडवून ‘डोकी की जहाज?’ असं ओरडत, अशी नोंद मॅक्रोबियस या लेखकाने पाचव्या शतकात केली आहे. त्या तांब्याच्या नाण्याच्या एका अंगाला जेनस या देवाची दोन तोंडं असत आणि दुसऱ्या अंगाला जहाजाची नाळ. पुढे फ्रान्सात नाण्यावर क्रूस आला, इंग्रजांच्या नाण्यावर राजाचं मुंडकं आलं. चित्रं बदलत गेली, खेळ तोच राहिला.

पोरांच्या या खेळात गणिती शिरले तेव्हा पहिल्याच पावलाला एक मोठा माणूस घसरला. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात दालांबेर याने प्रश्न मांडला : दोन फेकींत एकदा तरी छापा येण्याची शक्यता किती? त्याचा युक्तिवाद असा, की पहिल्याच फेकीला छापा पडला तर खेळ संपला. नाही तर काटा-छापा किंवा काटा-काटा. म्हणजे तीन गती, त्यांतल्या दोन जिंकण्याच्या, उत्तर दोन-तृतीयांश. खरं उत्तर तीन-चतुर्थांश. दालांबेरच्या तीन गती सारख्या वजनाच्या नाहीत, कारण पहिल्याच फेकीला छापा पडण्याची शक्यता एकटीच निम्मी आहे.

कागदावर वाद घालण्यापेक्षा नाणं उडवूनच पाहावं, असंही काहींना वाटलं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँच्या ४,०४० फेकींत २,०४८ छापे पडले. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने २४,००० फेकी केल्या, छापे १२,०१२. जॉन केरिच यांची गोष्ट न्यारीच. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारे हे गणिती १९४० साली डेन्मार्कला सासुरवाडीला आले आणि जर्मन फौजांनी तो देश घेतला. छावणीत अडकलेल्या केरिचनी एका सहबंद्याला हाताशी धरून दहा हजार वेळा नाणं उडवलं. पहिल्या शंभरात छापे अवघे ४४ होते, हजारात ५०२, दहा हजारांत ५,०६७. निम्म्याचा हिशेब दिसायला फेकी किती लागतात, याचा हा चोख दाखला.

पण या सगळ्यांनी पडलेली बाजू मोजली. उडवताना कोणती बाजू वर होती, हा सवाल बराच उशिरा पुढे आला.

तो लावून धरला पर्सी डायकोनिस यांनी. स्टॅनफर्डचे हे प्राध्यापक चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर हिंडलेले. हात काय काय करू शकतो, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यांनी हार्वर्डच्या तंत्रज्ञांकडून स्प्रिंगवर चालणारं यंत्र बनवून घेतलं. छापा वर ठेवून त्यातून नाणं उडवलं की दर वेळी छापाच! सुरुवात तंतोतंत तीच असेल तर नशिबाला वावच उरत नाही.

माणसाचा अंगठा इतका नेटका नसतो. त्यातून सुटलेलं नाणं नुसत्या कोलांट्या मारत नाही, दमलेल्या भोवऱ्यासारखं डुलतंही. त्या डुलण्यामुळे आधी वर असलेली बाजू हवेत किंचित जास्त वेळ वरच राहते. डायकोनिस, सुसान होम्स आणि रिचर्ड मॉन्टगोमेरी यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला : नाणं हातात झेललं, तर उडवतानाचीच बाजू सुमारे ५१ टक्के वेळा वर येईल.

एवढासा फरक पकडायला फेकीही तेवढ्याच हव्यात. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या फ्रान्तिशेक बार्तोश यांच्या पुढाकाराने ४८ जणांनी ४६ चलनांची नाणी ३,५०,७५७ वेळा उडवली. २०२३ मध्ये निकाल जाहीर झाला : तीच बाजू ५०.८ टक्के वेळा. काहींच्या हातात हा कल ठळक होता, काहींच्या हातात जवळपास नव्हताच. छापा आणि काटा यांच्यात मात्र डावं-उजवं काही सापडलं नाही. नाणं निर्दोष सुटलं, संशय हातावर आला. या खटाटोपाला २०२४ चा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कारही मिळाला.

रुपयांत सांगायचं तर, आधीची बाजू पाहून हजार वेळा एकेक रुपया लावणारा सरासरी सोळा रुपये कमावेल. क्रिकेटमध्ये यजमान कर्णधार नाणं उडवतो आणि पाहुणा हवेतल्या नाण्यावर कौल मागतो. फेकणारा आणि मागणारा वेगळे असल्याने हातचलाखीला जागा कमी. घरी कौल मागण्याआधी नाणं मुठीत झाकून ठेवलं, तरी काम भागतं. टेबलावर गरगर फिरवून मात्र निवाडा करू नये; तिथे कडेचा घाट आणि वजनाची वाटणी एका बाजूला चांगलंच झुकतं माप देऊ शकतात.

नाण्यावर किंवा हातावर भरवसाच नसेल, तर गणिती जॉन फॉन नॉयमन यांची १९५१ सालची युक्ती आहे. दोनदा फेकायचं. दोन्ही वेळा सारखंच पडलं तर ती जोडी बाद. छापा-काटा पडला तर एक जिंकला, काटा-छापा पडला तर दुसरा. नाणं झुकतं असलं तरी या दोन जोड्यांची शक्यता सारखीच राहते. गल्लीत खापरीच्या एका अंगाला थुंकी लावून ‘ओली की सुकी?’ विचारतात, त्या वेड्यावाकड्या खापरीलाही ही युक्ती चालते. फक्त प्रत्येक फेकीआधी तीच बाजू वर ठेवा आणि खापरी वाळली तर पुन्हा ओली करून घ्या.