खुंट अमेरिकेचा, काडी फ्रान्सची

पीएच.डी.चा डिफेन्स पार पडला त्या संध्याकाळी सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मला घरी जेवायला बोलावलं आणि कपाटातून एक बाटली काढली. शातो मुताँ रोथशिल्ड, १९८६. मुलीच्या जन्मसालची म्हणून जपून ठेवलेली. नावाचा उच्चार मराठी कानाला जरा अडचणीचा आहे, तेव्हा आपण हिला नुसतं 'रोथशिल्डांची वाईन' म्हणू.

चव कशी होती? खरं सांगायचं तर मला जांभूळ आठवलं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ तुरट होऊन जड पडते ना, तशी. सर म्हणाले, "१८५३ पासून एकच घराणं, एकच माती. ही चव दुसरीकडे होणे नाही." मी मान डोलावली, पण डोळ्यांपुढे मामा आले. निफाड तालुक्यात त्यांची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मी अमेरिकेला निघालो तेव्हा ते म्हणाले होते, "जातोस तर जा. पण माती सोडलेलं झाड जगत नाही, एवढं ध्यानात ठेव."

एक टेक्सासमधला प्रोफेसर, एक निफाडचा शेतकरी, आणि दोघांचं म्हणणं एकच! मग मी या विषयावर वाचायला लागलो. आणि कळलं ते असं, की सरांच्या बाटलीतली द्राक्षं ज्या वेलींची, त्या वेलींची मुळं अमेरिकन वंशाची आहेत.

झालं काय, की १९व्या शतकाच्या मध्यावर युरोपात हौसेने अमेरिकन द्राक्षवेली आणून लावायची टूम निघाली. आगबोटींमुळे प्रवास इतका लवकर होऊ लागला की वेलीबरोबर आलेली कीडही जिवंत पोचू लागली. फिलॉक्सेरा हे त्या किडीचं नाव. माव्याच्या जातकुळीतली ही कीड मुळांतला रस शोषते. अमेरिकन वेली हजारो वर्षं तिच्या सहवासात वाढलेल्या, त्यामुळे त्यांची मुळं जखम भरून काढतात. युरोपियन मुळांना ही विद्या नव्हती, ती कुजत गेली. १८६०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या बागा वाळू लागल्या, तरी कारण कुणाला कळेना. अखेर १८६८ साली प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत वेलींची मुळं उकरली, तेव्हा त्यांवर ही पिवळी कीड दिसली. (मेलेल्या वेली उकरून काही मिळत नव्हतं, कारण वेल मेली की कीड पुढच्या वेलीकडे जायची. डीबगिंग करणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

फ्रान्सचं वाईनचं उत्पादन १८७५ साली सुमारे ८४५ कोटी लिटर होतं. १८८९ साली ते सुमारे २३४ कोटींवर आलं. सरकारने उपायासाठी ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. ते कुणालाच मिळालं नाही, पण उपाय सापडला: अमेरिकन खुंटावर फ्रेंच काडीचं कलम. मिसुरीचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी या कामी मोठी मदत केली. पण जिथून रोग आला तिथलीच मुळं लावायची, हे फ्रेंच अभिमानाला सोसेना. आपल्या वाईनला अमेरिकन वास येईल, ही भीती होती. पैसेवाले बागाईतदार कितीतरी वर्षं जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचत बसले.

शिवाय चुनखडीच्या जमिनीत पहिले अमेरिकन खुंट टिकेनात. तेव्हा १८८७ साली प्येर व्हियाला नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेत आले आणि टेक्सासमध्ये डेनिसन गावी टी. व्ही. मन्सन यांना भेटले. टेक्सासच्या चुनखडीत वाढणाऱ्या जंगली वेली मन्सननी फ्रान्सला पाठवल्या. १८८८ साली फ्रेंच सरकारने त्यांचा सन्मान केला. डलासहून ओक्लाहोमाला जाताना या डेनिसनवरून मी कितीदा गेलो असेन, पण फक्त पेट्रोल भरायला थांबलो.

म्हणजे खुंट बदलला, तरी वाईन फ्रेंचच राहिली. मग काडी नेऊन माती बदलली तर? याचं उत्तर २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये मिळालं. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन-विक्रेत्याने ९ फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखायला दिल्या. रेड वाईनमध्ये पहिली आली नापा खोऱ्यातली स्टॅग्ज लीप, १९७३ची. वॉरन विनियार्स्की या शिकागो विद्यापीठातल्या माजी व्याख्यात्याने कुटुंबासह उभ्या केलेल्या बागेतली. वेली जेमतेम ३ वर्षांच्या! दुसरी आली रोथशिल्डांची १९७०ची वाईन. गुण २० पैकी १४.१४ आणि १४.०९.

आता ९ परीक्षक आणि ०.०५चा फरक, याला आमच्या लॅबमध्ये फरक म्हणत नाहीत. अमेरिका जिंकली असं मी म्हणणार नाही. पण फ्रान्समधल्या जाणकारांना दोन्ही ओळखता आल्या नाहीत, हे खरं.

पाचव्या आलेल्या रिज मॉन्टे बेल्लोची गोष्ट मला जास्त जवळची. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या काही संशोधकांनी १९५९ साली ही डोंगरावरची बाग घेतली आणि शनिवार-रविवारी बायकामुलांसह तिथे राबले. २००६ साली त्याच जुन्या वाइन पुन्हा चाखल्या, तेव्हा त्यांचीच १९७१ची वाईन पहिली आली. हल्ली माझ्या ऑफिसमधून तो डोंगर दिसतो.

हे सगळं मी मामांना फोनवर उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय नवल? आपली थॉमसनसुद्धा डॉगरिजवर आहे." डॉगरिज म्हणजे टेक्सासचीच जंगली वेल! आपल्याकडे कारण वेगळं, खारं पाणी आणि दुष्काळ, पण मुळं तिथलीच.

"मामा, तुम्ही तर म्हणाला होतात, माती सोडलेलं झाड..."

"म्हटलं होतं," ते जरा थांबून म्हणाले. "खुंट कुठलाही असू दे रे. पण खालून त्याचे फुटवे येतात, ते वेळच्या वेळी काढायचे. नाहीतर चार वर्षांत सगळा खुंटच वाढतो, वरची काडी नावाला उरते."

तेवढ्यात मागून माझी चार वर्षांची लेक काहीतरी विचारत आली. इंग्रजीत. मी तिला मराठीत उत्तर दिलं.