सूत्रधाराची भाषा

विद्येचा एक विलक्षण स्वभाव आहे. जो काहीच शिकलेला नाही, त्याला नवे शिकताना केवळ श्रम पडतात. परंतु जो पुष्कळ शिकलेला आहे, त्याला श्रमांबरोबर थोडा अभिमानही खर्चावा लागतो. संगणकाच्या क्षेत्रात याचा प्रत्यय वारंवार येतो. वीस-पंचवीस वर्षे कोबोल, सी किंवा जावा या भाषांत मोठमोठ्या आज्ञावल्या रचलेला प्रोग्रॅमर एके दिवशी पायथनसारखी स्क्रिप्ट भाषा शिकावयास बसतो. कारण रोजची तीच ती कामे त्याला आता यंत्राकडून परस्पर करवून घ्यावयाची असतात. भाषा सोपी असते, आणि तरीही तो अडखळतो. असे का व्हावे? याचे उत्तर त्या भाषेच्या व्याकरणापेक्षा तिच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते.

या प्रश्नाचा विचार करण्यास बंगळूरच्या जयनगर वसाहतीइतकी योग्य जागा क्वचितच मिळेल. १९४८ साली ही वसाहत आकारास येऊ लागली, तेव्हा बंगळूर हे यंत्रांचे शहर होऊ पाहत होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना उभारला होता. १९५३ मध्ये एचएमटीची स्थापना होऊन यंत्रे घडविणारी यंत्रे येथे तयार होऊ लागली. पुढे १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी सुरू केलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरास आली. ऑगस्ट २०२५ पासून जयनगरच्या कडेला असलेल्या आर. व्ही. रोड स्थानकावरून मेट्रोची पिवळी मार्गिका थेट इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाते. मानवी हातांचे काम यंत्राकडे कसे सोपवावे, हा प्रश्न या शहराने प्रथम कारखान्यात पाहिला. आज तोच प्रश्न संगणकतज्ज्ञाच्या स्वतःच्या मेजावर येऊन बसला आहे.

आरंभीच्या काळात हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामास लागला. त्या काळी संगणक दुर्मिळ व महाग होता आणि माणसाचा वेळ त्या मानाने स्वस्त होता. साहजिकच, यंत्राचा एक क्षणही वाया जाऊ नये म्हणून माणसाने दिवसचे दिवस खर्चावेत, ही त्या युगाची नीती ठरली. प्रत्येक राशीचा प्रकार आधी घोषित करावा, आज्ञावली कागदावर पुन्हा पुन्हा तपासावी आणि मगच ती यंत्रापुढे ठेवावी, ही शिस्त तेथूनच रुजली. अनुभवी प्रोग्रॅमरच्या अंगी जी सावधगिरी दिसते, ती या काटकसरीची वंशज होय.

बदलाची पहिली चाहूल लागली ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय तेथे नुकतीच झाली होती. लुई पूझँ हा फ्रेंच अभियंता तेथे काम करीत होता. त्याच त्या आज्ञा त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा देण्याचा त्याला कंटाळा आला आणि १९६३-६४ च्या सुमारास त्याने 'रनकॉम' नावाची योजना केली. आज्ञांची यादी एका फाइलीत लिहून ठेवावी आणि यंत्राने ती ओळीने पार पाडावी, एवढीच ती कल्पना. पुढे युनिक्स प्रणालीतील अनेक फाइलींच्या नावांच्या शेवटी 'आरसी' ही दोन अक्षरे आली, ती याच रनकॉमची खूण. आज लक्षावधी लोक ती अक्षरे रोज टंकतात. मात्र त्यांच्या मागे एका अभियंत्याचा कंटाळा उभा आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

१९७१ मध्ये केन थॉम्पसनने युनिक्ससाठी पहिले शेल लिहिले. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय याच्या आग्रहामुळे एका आज्ञावलीचे फलित थेट दुसरीच्या हाती देण्याची सोय झाली. १९७७ मध्ये ऑक, १९७९ मध्ये बोर्न शेल, १९८७ मध्ये लॅरी वॉलची पर्ल आणि १९९१ मध्ये खिदो व्हान रोस्सम याची पायथन अशी ही परंपरा वाढत गेली. यांपैकी एकही भाषा नवशिक्याने रचलेली नाही. वॉल ऑकच्या मर्यादांनी त्रस्त झाला होता. व्हान रोस्समने आधी ॲमस्टरडॅम येथे एबीसी या भाषेवर काम केले होते. अमीबा नावाच्या प्रणालीच्या व्यवस्थापनातील किरकोळ कामे सी भाषेत लिहिणे त्याला फार वेळखाऊ वाटले, म्हणून डिसेंबर १९८९ च्या नाताळच्या सुटीत त्याने पायथनला हात घातला. तात्पर्य असे की, स्क्रिप्ट भाषा या थकलेल्या तज्ज्ञांनी स्वतःसाठी निर्माण केल्या आहेत. एव्हाना यंत्राचा वेळ स्वस्त झाला होता आणि माणसाचा महाग.

'स्क्रिप्ट' हा शब्द येथे लिपी या अर्थाने नसून नाट्यसंहिता या अर्थाने आहे. मराठी माणसास त्याचे मर्म समजावयास विष्णुदास भावे यांचे स्मरण पुरे आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या संस्थानिकांनी त्यांना मराठी नाटक रचण्यास सांगितले आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. त्या नाटकांत सूत्रधार स्वतः राम होत नसे की रावण होत नसे. तो आख्यान गाऊन पुढे नेई आणि ज्याची वेळ येई ते पात्र प्रवेश करी. स्क्रिप्ट भाषेचे काम नेमके हेच. हिशेब करणारी आज्ञावली वेगळी, माहिती साठविणारी वेगळी, टपाल धाडणारी वेगळी. कोणी केव्हा प्रवेश करावा, एवढेच स्क्रिप्ट सांगते. आयुष्यभर राम-रावणाच्या भूमिका गाजविलेल्या नटाला सूत्रधाराची जागा प्रथम हलकी वाटावी, यात आश्चर्य नाही. मात्र त्या जागेवाचून नाटक पुढे सरकत नाही.

तथापि या सोपेपणास एक धार आहे. 'मासिक अहवाल' असे नाव असलेली फाइल पुसण्याची आज्ञा शेलमध्ये अवतरणचिन्हांवाचून लिहिली, तर शेल त्या दोन शब्दांना दोन निरनिराळ्या फाइली समजते. आणि त्या नावांच्या फाइली खरोखरच असतील, तर निमूटपणे त्याच पुसून टाकते. दुसरे उदाहरण आपल्याच लिपीचे. 'क्षि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीस त्याची लांबी विचारली, तर ती चार सांगते, कारण ती क, हलन्तचिन्ह, ष आणि वेलांटी निरनिराळी मोजते. दुसऱ्या आवृत्तीत साठवणीचे घटक, म्हणजे बाइट, मोजले जात आणि रूढ यूटीएफ-८ पद्धतीत तेच उत्तर बारा येई. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे आणि असे इतर बदल केले. परंतु जुन्या आज्ञावल्या तिच्यात जशाच्या तशा चालेनात आणि दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी निवृत्त होईपर्यंत हे स्थित्यंतर रेंगाळले. हाताने केलेली चूक एकदा होते. स्वयंचलित चूक रोज पहाटे, कोणी जागे नसताना, हजार वेळा होते.

येथेच अनुभवाचे खरे मोल प्रकट होते. नवशिका स्क्रिप्ट लवकर लिहितो, कारण काय बिघडू शकते याची त्याला कल्पना नसते. अनुभवी माणूस उशिरा लिहितो. पण फाइल नसेल तर काय, मध्येच वीज गेली तर काय, काम दोनदा चालले तर काय, हे प्रश्न त्याने पूर्वीच भोगलेले असतात. राशींची घोषणा करण्याची जुनी सवय त्याने खुशाल सोडावी. हे प्रश्न विचारण्याची सवय मात्र सोडू नये. आज तर कृत्रिम बुद्धिमत्ता मागताक्षणी स्क्रिप्ट लिहून देते, आणि मग शिकावे तरी कशाला, असे कित्येक विचारतात. लिहून मिळालेली संहिता वाचता न येणाऱ्या सूत्रधाराच्या हाती रंगमंच सोपवावा काय, हा त्यावरचा प्रतिप्रश्न आहे.

लेथवर हात बसलेल्या कारागिराला स्वयंचलित यंत्र आले तेव्हा जे भय वाटले, तेच आज संगणकतज्ज्ञाला वाटते: माझे कौशल्य निरुपयोगी तर ठरणार नाही? इतिहास एवढेच सांगतो की, या भाषा तज्ज्ञाला हटविण्यासाठी आल्या नव्हत्या. ज्या कामात त्याची बुद्धी लागत नव्हती, त्या कामातून त्याला सोडविण्यासाठी त्या आल्या. कोणते काम यंत्राकडे द्यावे आणि कोणते स्वतःच्या हाती राखावे, हा विवेक मात्र कोणत्याही भाषेच्या व्याकरणात सापडत नाही. तो ज्याच्यापाशी आहे, त्याने पन्नाशीत पहिला धडा गिरविला, तरी त्याला उशीर झाला असे म्हणता येणार नाही.