सांध्याची कुळकथा

सांगलीहून तासगावकडे निघालं की माधवनगर लागतं. कॉटन मिलमुळे नावारूपाला आलेलं हे गाव कृष्णाकाठच्या काळ्या मातीच्या टापूत आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. उसाला ती मानवते. रस्त्याखालच्या पाइपाला ती सोसत नाही. मातीबरोबर पाइपालाही हलावं लागतं. त्याला हलता आलं नाही की तो मधेच मोडतो, नाहीतर सांध्यात गळू लागतो. जुनी जलवाहिनी बदलायला चर खणला की पुष्कळदा पाइपाचं अंग धड निघतं, पण सांध्याभोवतीची माती चिखल झालेली असते.

म्हणूनच जलवाहिनीची खरी कुळकथा तिच्या सांध्याची आहे. माणसाला नळ करणं फार पूर्वी साधलं. दोन नळ पक्के जोडायचे आणि तरी त्यांना थोडं हलू द्यायचं, हे साधायला शतकं गेली.

मिरज-सांगलीच्या मुलखावर एके काळी विजापूरची आदिलशाही होती. विजापुरात तोरवीहून आणि 1651 च्या सुमारास बांधलेल्या बेगम तलावातून पाणी आलं, ते भाजक्या मातीच्या नळांतून. औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकात केलेल्या नहरीतही खापरी नळ आहेत. खापराचा सांधा चुन्याचा, आणि चुना दाब सहन करत नाही. त्यावरचा तोडगा विजापूरच्या कारागिरांनी दगडात बांधून ठेवला. वाटेवर ठरावीक अंतराने त्यांनी उंच मनोरे उभारले. त्यांना तिथे ‘गंज’ म्हणतात. पाणी मनोऱ्यात चढे, त्याचा दाब सुटे, गाळ तळाशी बसे आणि पाणी पुढच्या नळात उतरे. सांधा नाजूक होता म्हणून सगळी योजना त्याच्या बेताने आखली गेली.

दाब सोसायचा तर लोखंड हवं. फ्रान्समध्ये 1664 साली व्हर्सायच्या राजवाड्यासाठी ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा, सुमारे 24 किलोमीटर लांबीचा नळ घातला गेला. त्याचे तुकडे कडांना बोल्ट आवळून जोडले होते आणि तो तीनशेहून अधिक वर्षं पाणी देत राहिला. पण बोल्टने आवळलेला सांधा ताठ असतो. थंडीत लोखंड आकसलं की तो ताणला जातो आणि झिरपू लागतो. यावरचा उपाय लंडनच्या चेल्सी वॉटर कंपनीचे अभियंते थॉमस सिम्प्सन यांनी 1785 साली काढला. त्यांनी पाइपाचं एक टोक घंटेसारखं रुंद केलं आणि दुसऱ्या पाइपाचं साधं टोक त्यात घातलं. मधल्या फटीत शिसं भरलं. पुढची पावणेदोनशे वर्षं जगभरच्या रस्त्यांखाली हाच सांधा गेला. मुंबईला विहार तलावाचं पाणी 1860 साली आलं, तेही बिडाच्याच नळांतून.

शिशाचा सांधा हे कसबाचं काम होतं. आधी सणाचा दोर फटीत ठोकून बसवायचा, म्हणजे शिसं आत सांडत नाही. मग तोंडाभोवती मातीने लिंपलेला दोर गुंडाळून वरच्या बाजूला भोक ठेवायचं आणि वितळलेलं शिसं एका दमात ओतायचं. ओतताना हात थांबला तर दोन थर पडतात आणि सांधा फुकट जातो. आत पाण्याचा थेंब जरी राहिला तरी वाफेच्या दणक्याने तापलेलं शिसं अंगावर उडतं. निवताना शिसं आकसतं, म्हणून शेवटी बोथट छिन्नीने ते चारी बाजूंनी ठासायचं. सहा इंची पाइपाच्या एका सांध्याला साधारण साडेतीन किलो शिसं लागे. बारा फुटी पाइपांच्या एक किलोमीटर वाहिनीत पावणेतीनशेच्या आसपास सांधे येतात, म्हणजे नऊ क्विंटलहून जास्त शिसं. मऊ असल्याने ते सुरुवातीला थोडी हालचाल सोसतं. पण जड वाहनांचे हादरे आणि मातीचं फुगणं-आकसणं वर्षानुवर्षं चालू राहिलं की ते तसूतसूने बाहेर सरकतं.

बिडाचीही एक खोड आहे. ते दाबाला दणकट, पण वाकवलं की काचेसारखं मोडतं, कारण त्यातला कार्बन पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक पापुद्रा ही तयार चीरच असते. 1943 साली धातुतज्ज्ञ कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं, तेव्हा त्या पापुद्र्यांच्या बारीक गोळ्या झाल्या आणि लोखंड वाकू लागलं. त्याचाच आजचा डीआय, म्हणजे लवचीक बिडाचा, पाइप. शिशाच्या जागी पुढे रबरी कडं आलं. खाचेत कडं बसवायचं, साबणाचं पाणी लावायचं आणि पाइप आत ढकलायचा. भट्टी नको, छिन्नी नको. हा सांधा तीन ते पाच अंशांपर्यंत वळतो. पाच अंश वळला तर साडेपाच मीटरच्या पाइपाचं टोक जवळजवळ अर्धा मीटर बाजूला जातं, तरी पाणी गळत नाही. काळ्या मातीला हवा होता तो हाच सांधा.

तो टिकवणं हा लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला पाणी तास-दोन तास येतं. चावी बंद झाली की वाहिनीतला दाब जातो आणि ज्या फटीतून सकाळी पाणी बाहेर झिरपलं, तिच्यातूनच शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ती हिपॅटायटीस ई या विषाणूची होती, आणि हा विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरतो.

सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने यातून बाहेर पडायची वाट दाखवली. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून तिथे 2009 पासून मीटर लावून चोवीस तास पाणी मिळू लागलं. वितरणासाठी एचडीपीई या प्लास्टिकचे पाइप घातले. हे पाइप तापवून एकमेकांत वितळवले जातात. दोन टोकं एकजीव झाली की वेगळा सांधा असा राहतच नाही. वाहिनीत अखंड दाब असल्याने बाहेरची घाण आत शिरायला वाव नाही. बेळगाव आणि हुबळी-धारवाडच्या काही भागांतही 2008 च्या सुमारास जुन्या वाहिन्या बदलून असाच चोवीस तास पुरवठा सुरू झाला.

मलकापुरात आणखी एक गोष्ट झाली, आणि रस्ता खणायला निघालेल्या प्रत्येक गावाने ती हट्टाने मागून घ्यावी. मुख्य वाहिनीबरोबर घराघरांत जाणाऱ्या जोडण्याही बदलल्या गेल्या. मुख्य पाइपाला भोक पाडून फेरूल नावाची छोटी तोटी बसवतात आणि तिथून अर्ध्या इंचाचा नळ घरात जातो. हाही सांधाच, आणि एका गल्लीत असे शेकडो असतात. मुख्य वाहिनी नवी घालून त्यावर गंजलेले जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) नळच पुन्हा जोडले, तर गळती तिथे सुरू होते आणि केलेला रस्ता पुन्हा उकरावा लागतो. जुनी जोडणी बदलायला घरामागे थोडा जास्त पैसा आणि अर्धा दिवस जास्त लागतो. चर उघडा असतानाच ते काम करून घ्यावं, आणि माती लोटण्याआधी वाहिनीत दाबाने पाणी भरून प्रत्येक सांधा डोळ्यांनी तपासावा.