खाशाबांचं मेडल आणि सात हजारांचं कर्ज

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट खाशाबांची, पण सुरुवात आमच्या घरातून.

मी कोपरखैरण्याचा. बाबा तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी, गाव कराडकडे. लहानपणी पडून रडलो की एकच वाक्य, "खाशाबांच्या मुलखातला ना तू? रडतोस काय पोरीसारखा!" पुरुष म्हणजे कुणापुढे हात न पसरणारा, हे डोक्यात फिट्ट बसलं. गेल्या वर्षी नोकरी गेली, तर दोन महिने घरी सांगितलंच नाही. रोज बॅग लावून लोकल पकडायचो, ठाण्यात भटकून संध्याकाळी परत.

त्याच दिवसांत मी खाशाबांबद्दल नीट वाचलं.

खाशाबा जाधव. जन्म १९२६, कराडजवळचं गोळेश्वर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पहिले डाव त्यांनीच शिकवले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा तांबड्या मातीतला गडी मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं, तर खिशात पैसे नाहीत. मग खाशाबा घरोघरी, ओळखीपाळखीत मदत मागत फिरले. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

खाशाबांनी ५७ किलो गटात ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं.

कराडातली बैलगाड्यांची मिरवणूक बाबा रंगवून सांगायचे. त्यापुढचं कधी सांगितलं नाही. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

म्हणजे बघा, ज्याच्या नावाने आपल्याला गप्प बसवलं, त्या माणसाने मदत मागितली होती. घेतली, आणि फेडली. त्याने त्याची ताकद कमी झाली का?

त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं. नोकरीचंही. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मलापण मार्केटला गावच्याच माणसानं चिकटवलं. सहा महिने त्याच्या खोलीवर होतो. हे तुला कधी बोललो नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हप्ते किती थकलेत तुझे?"

मंडळी, तुम्ही घरी काय लपवलंय? आज सांगून टाका. भेटू पुढच्या एपिसोडला.