नदीकाठचा मराठी इतिहास : रावेरखेडी ते भानपुरा

मराठ्यांच्या उत्तरेकडील इतिहासाचा विषय निघाला की इंदूरचा राजवाडा, ग्वाल्हेरचा किल्ला आणि देवासच्या दोन गाद्या प्रथम आठवतात. या इतिहासातील अनेक निर्णायक प्रसंग मात्र शहरांत घडले नाहीत. ते नर्मदा, क्षिप्रा आणि चंबळ यांच्या परिसरातील लहान गावांत आणि लष्करी तळांवर घडले. माळव्यातील मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या येथे नांदत आहेत; पण आपले पूर्वज ज्या वाटेने आले त्या वाटेवरची ही गावे त्यांतील फार थोड्यांनी पाहिली असतील.

या वाटेचा भूगोल समजला की इतिहास आपोआप उलगडतो. महूजवळच्या जानापाव टेकडीवर चंबळ उगम पावते आणि उत्तरेकडे यमुनेला भेटण्यास निघते. त्याच विंध्य पर्वताच्या दक्षिण पायथ्याला निमाडचे सखल मैदान आहे व त्यातून नर्मदा पश्चिमेकडे वाहते. दक्षिणेतून येणाऱ्या मराठी फौजांना प्रथम नर्मदा ओलांडावी लागे आणि मग विंध्याचे घाट चढावे लागत. नर्मदा हा त्यांच्या दृष्टीने उत्तरेचा उंबरठा होता.

याच उंबरठ्यावर थोरल्या बाजीरावांची अखेर झाली. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळ निजामाला कोंडून त्यांनी माळव्यावरील मराठ्यांचा हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतला होता. फेब्रुवारी १७४० मध्ये मुंगी-शेवगावच्या तहाने निजामपुत्र नासिरजंगाकडून खरगोण व हंडिया हा मुलूख मिळाला. त्याची व्यवस्था लावण्यासाठी पेशवे निमाडात उतरले. तेथे वैशाखाच्या उन्हात ज्वर जडला आणि २८ एप्रिल १७४० रोजी, वयाची चाळिशीही पूर्ण होण्यापूर्वी, नर्मदातीरी रावेरखेडी येथे त्यांनी देह ठेवला.

सनावदहून मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या बेडियामार्गे रावेरखेडीला जाता येते. शनिवारवाड्याची भव्यता मनात ठेवून येणारा प्रवासी येथे क्षणभर थबकतो. दगडी भिंतींचे आवार, मधोमध चौथऱ्यावर साधी समाधी आणि पलीकडे नर्मदेचे पात्र, एवढेच येथे आहे. दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणाऱ्या सेनानीचे हे स्मारक एखाद्या छावणीसारखेच अनलंकृत आहे. महेश्वर जलविद्युत प्रकल्पाची आखणी झाल्यावर ही समाधी जलाशयाखाली जाण्याची भीती निर्माण झाली आणि तिच्या रक्षणासाठी इतिहासप्रेमींना आवाज उठवावा लागला. ज्या स्थळाकडे कोणी फिरकत नाही, ते नकाशावरून पुसले जाताना हरकत घेणाराही उरत नाही. समाधीला भेट देणाऱ्यांचे खरे महत्त्व येथे आहे.

रावेरखेडीहून प्रवाहाच्या दिशेने खाली गेल्यावर महेश्वर लागते. अहिल्याबाईंनी येथे राजधानी नेली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. घाट, किल्ला आणि मागावरची माहेश्वरी साडी सर्वपरिचित आहेत. त्यांच्यासोबत जवळच्या जलकोटी गावची सहस्रधाराही पाहावी. शांत नर्मदा येथे काळ्या खडकांत शिरते आणि असंख्य धारांनी फुटून धावते. सहस्रार्जुनाने आपल्या हजार बाहूंनी नर्मदा अडवली व ती बोटांमधून निसटली, अशी कथा सांगितली जाते. खडक निसरडे आणि ओढ जबर असल्यामुळे मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

क्षिप्राकाठच्या महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या सैन्याचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला. होळकरांचे स्वतंत्र राज्य तेथे संपले. हा पराभव जिच्यामुळे अधिक सलतो ती झुंज समजून घेण्यासाठी मात्र आणखी उत्तरेला, मंदसौर जिल्ह्यातील भानपुऱ्याला जावे लागते.

भानपुऱ्यात यशवंतराव होळकरांची छत्री आहे. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनच्या फौजेने जवळचा हिंगलाजगड घेतला. पण यशवंतराव चालून येताच त्या फौजेला चिखलातून आणि फुगलेल्या नद्यांतून थेट आग्र्यापर्यंत माघार घ्यावी लागली. पुढे तह करावा लागला, तरी यशवंतरावांनी जिद्द सोडली नाही. भानपुऱ्यात त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. त्या अतोनात श्रमांत त्यांचे मन व शरीर खचले आणि १८११ मध्ये येथेच त्यांचा अंत झाला. हिंगलाजगडावरील परमारकालीन शिल्पे आणि चतुर्भुजनाथ नाल्यातील प्रागैतिहासिक शैलचित्रे पाहिली, म्हणजे होळकरांच्या कितीतरी आधीपासून ही भूमी नांदती होती हे ध्यानी येते.

जवळच गांधीसागराचे अथांग पाणी पसरले आहे. १९६० मध्ये पूर्ण झालेले हे धरण हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेचे जवळजवळ समवयस्कच म्हणावे लागेल. त्याने शेतीला पाणी आणि घरांना वीज दिली. त्याच्या जलाशयाखाली अनेक गावेही गेली. त्या गावांच्या आठवणी आता केवळ तेथून उठलेल्या माणसांजवळ आहेत.

पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचा काळ या सहलींना उत्तम. रावेरखेडी आणि सहस्रधारा इंदूरहून एका दिवसात पाहून होतात. भानपुऱ्यासाठी मुक्काम हवा. आजी-आजोबांना सोबत घ्यावे, गावातील वृद्धांशी निमाडीत वा माळवीत दोन शब्द बोलावे आणि मुलांनी ऐकलेले घरी आल्यावर मराठीत वहीत उतरवून ठेवावे. शाळेच्या पुढील महोत्सवी ग्रंथासाठी अशा वह्यांहून मोलाचा ऐवज दुसरा नसेल.